फौज कुणाची, खर्च कुणाचा

इंदूरच्या महू नाक्यावरून अन्नपूर्णा रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर दसरा मैदान लागतं. होळकरशाहीत दसऱ्याची स्वारी राजवाड्यातून निघून शमीपूजनासाठी इथं यायची. मराठी फौजांचं वर्षच दसऱ्याला सुरू होई. पाऊस थांबला, नद्यांना उतार पडला की सीमोल्लंघन करायचं आणि मुलूखगिरीला बाहेर पडायचं. आता त्या मैदानात रावणदहन होतं आणि रस्ता पुढं अन्नपूर्णेच्या देवळाकडे जातो. नाक्याला ज्या गावाचं नाव पडलं ते महू इथून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. भारतीय सैन्याची इन्फंट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज आणि दूरसंचार अभियांत्रिकीचं मिलिटरी कॉलेज अशा तीन मोठ्या संस्था तिथं आहेत. एका टोकाला होळकरांचं सीमोल्लंघन, दुसऱ्या टोकाला प्रजासत्ताकाची छावणी, आणि मधल्या वस्तीत पिढ्यान् पिढ्या राहणारी आम्ही मराठी माणसं.

या संग्रहातले लेख याच वस्तीतल्या एका वाचकमंडळात झालेल्या चर्चांतून तयार झाले. लिहिणाऱ्यांत निवृत्त फौजी आहेत, प्राध्यापक आहेत, बँकेत आयुष्य काढलेले आहेत. विषय मोठा आहे: राष्ट्र म्हणून आपण कोण, स्वतःच्या रक्षणावर किती पैसा घालतो आणि वेळ आली तर कुणावर भिस्त ठेवतो. हे तीन प्रश्न सहसा वेगवेगळ्या दालनांत ठेवले जातात. अस्मितेवर भाषणं होतात, खर्चावर अर्थसंकल्पाच्या दिवशी चार ओळी छापून येतात आणि मैत्रीचे करार परराष्ट्रखात्यावर सोपवले जातात. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. तुमची फौज कुणाच्या पैशानं उभी आहे आणि कुणाच्या हुकमानं हलते, यावरून तुम्ही कोण हे ठरतं. माळव्यानं हा धडा फार महाग किंमत देऊन घेतला आहे, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

अहिल्याबाईंच्या काळात होळकरांच्या दौलतीची खजिन्याची किल्ली महेश्वरी होती आणि तलवार तुकोजीरावांच्या हाती. तुकोजीराव उत्तरेत, दक्षिणेत स्वाऱ्या करत आणि फौजेच्या खर्चासाठी सतत पैसा मागत. अहिल्याबाई हिशेब मागत. या ओढाताणीबद्दल इतिहासकार बहुधा तुकोजीरावांना दोष देतात. मला त्यात एक निरोगी गोष्टही दिसते. फौज कितीही शूर असली तरी तिचा हिशेब कुणीतरी मागत होतं. पण काळ बदलत होता. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय अधिकाऱ्याकडून कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हा होळकरांनाही तेच करणं भाग पडलं. दुद्रनेक नावाच्या फ्रेंच सरदाराला नोकरीत घेऊन चार पलटणी तयार केल्या आणि १७९३ साली लाखेरीला शिंदे-होळकर एकमेकांवरच तुटून पडले. त्या चार पलटणींची तिथं जवळजवळ राखरांगोळी झाली. इंग्रजांशी पुन्हा गाठ पडायच्या दहा वर्षं आधीच दोन मराठी दौलतींनी आपला सगळ्यात महाग दारूगोळा एकमेकांवर उडवून टाकला होता.

त्यानंतरचा काळ तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव यांचा. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला त्यांनी पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पाडाव केला. पेशवा दुसरा बाजीराव पुणं सोडून कोकणात उतरला, वसईला इंग्रजांकडे गेला आणि ३१ डिसेंबरला करार करून बसला. सहा पलटणींची तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख, हा त्या कराराचा गाभा. तैनाती फौज आपण शाळेत पाठ केली आहे, पण तिची खरी खोच खर्चाच्या कलमात होती. फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा आणि पगार मात्र पेशव्यांच्या मुलखातून. रक्षण करणाऱ्याला एकदा असं वतन लावून दिलं की तो परत जात नाही.

त्यानंतर शिंदे आणि नागपूरकर भोसले १८०३ मध्ये इंग्रजांशी लढले, असईला आणि अडगावला हरले. होळकर त्या युद्धात उतरले नाहीत. १८०४ मध्ये होळकर लढायला उभे राहिले तेव्हा बाकीचे दोघे तह करून मोकळे झाले होते. यशवंतरावांनी कर्नल मॉन्सनला मुकुंदराच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत मागं रेटलं, दिल्लीला वेढा घातला. भरतपूरच्या जाटांनी साथ दिली. जनरल लेकचे चार हल्ले त्या किल्ल्यानं परतवले, पण अखेर भरतपूरनंही वेगळा तह केला. मग यशवंतराव पंजाबात रणजितसिंगांकडे गेले. तिथंही मदत मिळाली नाही. २४ डिसेंबर १८०५ रोजी बियास नदीकाठी राजघाटचा तह झाला. या माणसाच्या पराक्रमाबद्दल आम्हा इंदूरकरांना रास्त अभिमान आहे. पण अभिमानानं भरून येऊन आपण एक गोष्ट झाकतो. ज्यांची साथ १८०४ मध्ये हवी होती, त्यांना १८०२ मध्ये त्यांनीच तुडवलं होतं, आणि १८०३ मध्ये ते स्वतः बाजूला बसले होते. उरलेलं आयुष्य त्यांनी भानपुऱ्याला तोफा ओतण्यात घातलं. तोफा उत्तम होत्या. मित्र उरले नव्हते. १८११ साली तिथंच त्यांचा अंत झाला.

१८१७ च्या अखेरच्या दोन महिन्यांच्या तारखा एका कागदावर ओळीनं लिहून पाहाव्यात. ५ नोव्हेंबरला खडकीला पेशव्यांची फौज इंग्रजांवर चालून गेली. त्याच दिवशी दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या तहावर सही करून इंग्रजांची बाजू धरली. त्याच महिन्यात होळकरांच्या दौलतीतला बडा सरदार अमीरखान यानं कंपनीशी स्वतंत्र करार केला आणि टोंकचा नवाब झाला. नोव्हेंबर सरता सरता सीताबर्डीला नागपूरकर हरले. होळकरांचे वारस मल्हारराव तेव्हा अजून पोरवयात होते आणि कारभार तुळसाबाईंकडे होता. फौजेचा पगार थकला होता. बाई इंग्रजांशी बोलणी करतात असा पलटणींना संशय आला आणि २० डिसेंबरला क्षिप्रेकाठी त्यांच्याच माणसांनी त्यांचा जीव घेतला. दुसऱ्या दिवशी महिदपूरची लढाई झाली. भानपुऱ्याच्या त्या तोफांनी इंग्रजांचे जवळजवळ आठशे लोक मारले किंवा जायबंदी केले, म्हणजे लढाई फौजेच्या नालायकीनं गेली नाही. पगार थकलेला, सेनापती एक नाही, सरदारांतले काही आधीच फुटलेले, अशी ती फौज होती. साठाहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

६ जानेवारी १८१८ चा मंदसोरचा तह या संग्रहातल्या एका लेखात कलमवार उलगडला आहे. मी तो अनेकदा वाचला आहे आणि प्रत्येक वेळी त्यातली कारागिरी पाहून थक्क होतो. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजपूत संस्थानांकडून येणारी खंडणी गेली, हे तर हरलेल्याला भोगावंच लागतं. पुढची कलमं वेगळ्या जातीची आहेत. जादा फौज मोडायची आणि उत्पन्नाला झेपेल तेवढीच ठेवायची. मात्र इंग्रजांच्या मदतीला तीन हजार स्वार कायम तयार ठेवायचे. दुसऱ्या कोणत्याही राज्याशी परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही. कंपनीच्या संमतीवाचून युरोपियन किंवा अमेरिकन माणूस नोकरीत घ्यायचा नाही. बदल्यात कंपनी राज्याचं आतून-बाहेरून रक्षण करील, त्यासाठी फौज ठेवील, आणि ती कुठं ठेवायची हे कंपनीच ठरवील. महूची छावणी या तहातून उभी राहिली आणि कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम तिथून माळव्याचा कारभार पाहू लागला. एका तहात शत्रू निवडायचा हक्क गेला, मित्र निवडायचा गेला, आपल्या फौजेत कोण असावं हे ठरवायचाही गेला. गादी, छत्र, चौघडा आणि दसऱ्याची स्वारी राहिली.

इथं न्यायानं एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या तहानंतर माळवा सावरला. होळकरांचे दिवाण तात्या जोग यांनी फौज कमी केली, कर्ज निवारलं, उजाड झालेली गावं पुन्हा वसली आणि इंदूर राजधानी होऊन वाढू लागलं. ज्या शेतकऱ्यानं वीस वर्षं पेंढाऱ्यांची आणि पगार न मिळालेल्या पलटणींची लूट सोसली, त्याला मंदसोरचा तह अपमान वाटला असेल असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. स्वतःच्या फौजेपासून रयतेला रक्षण हवं असावं, हेच त्या राज्याचं दिवाळं. परकी संरक्षण बहुतेक वेळा अशाच दारातून आत येतं.

आणि त्याची किंमत पिढ्यांनी कळते. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीच्या रक्षणाला पाठवलेल्या होळकरांच्या तोफाच रेसिडेन्सीवर वळल्या. होळकरांच्या फौजेतला सआदत खान पुढं झाला, रेसिडेन्सीचा प्रमुख कर्नल ड्यूरांड सीहोरकडे निघून गेला, आणि त्याच रात्री महूच्या पलटणी उठल्या. तेव्हाचे तरुण महाराज दुसरे तुकोजीराव यांना पुढं किती वर्षं आपल्या निष्ठेचे पुरावे देत बसावं लागलं! राजा एकीकडे, त्याचे शिपाई दुसरीकडे, कारण फौज नक्की कुणाची हे चाळीस वर्षांपूर्वीच धूसर करून ठेवलं होतं. अन्नपूर्णेहून जवळच लालबाग राजवाडा आहे. त्याचं मोठं लोखंडी फाटक बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर विलायतेत ओतून जहाजानं आणलेलं आहे. ज्या घराण्यातल्या यशवंतरावांनी तोफा ओतल्या, त्याच घराण्याच्या दारावरचं हे काम आहे. त्याच्यासमोर उभं राहिलं की मला मंदसोरची सगळी कलमं एकदम आठवतात.

होळकरांची फौज मात्र संपली नाही. संस्थानं विलीन झाल्यावर इंदूरची पायदळ पलटण भारतीय सैन्यात गेली आणि कुमाऊं रेजिमेंटची पंधरावी बटालियन झाली. नावात ‘इंदूर’ अजून आहे. माळव्याच्या संस्थानी पलटणीचं घर पहाडी रेजिमेंटमध्ये झालं, यात मला नव्या राष्ट्राची खरी घडण दिसते.

पण राष्ट्राची ओळख आणि फौज यांच्या नात्याचा सगळ्यात खोल विचार महूत जन्मलेल्या माणसानं केला. १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं जन्मले ते वडिलांच्या नोकरीमुळं. रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत. गावातल्या शाळेनं ज्यांना उंबरा ओलांडू दिला नसता, त्यांना पलटणीच्या शाळेनं अक्षर दिलं. १ जानेवारी १८१८ ला, म्हणजे महिदपूर आणि मंदसोर यांच्या मधल्या दिवसांत, भीमा कोरेगावला कंपनीच्या बाजूनं महार शिपाई लढले. या तारखेवर आपल्याकडे फार आवाज चढतात. मला एवढंच म्हणायचं आहे, की ज्या राज्यानं माणसाला माणूस मानलं नाही त्या राज्याच्या फौजेला आपली म्हणावं, अशी अपेक्षा त्या माणसाकडून करायचा अधिकार आपल्याला नाही. पुढं इंग्रजांनीही १८९० नंतर महारांची भरती बंद केली. तिच्यासाठी अर्ज-विनंत्या झाल्या आणि अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. भरतीचं दार कुणाला उघडं आणि कुणाला बंद, यावर राष्ट्रात कोण आत आणि कोण बाहेर हे ठरत असतं. बाबासाहेबांना हे घरातूनच ठाऊक होतं.

म्हणूनच बहुधा त्यांनी लष्कराच्या हिशेबाकडे कधी पाठ फिरवली नाही. पाकिस्तानच्या प्रश्नावरच्या १९४० च्या ग्रंथात ते मांडतात, की केंद्र सरकारच्या १२१ कोटींच्या महसुलातले सुमारे ५२ कोटी सैन्यावर जातात. मग ते विचारतात की हा पैसा कोणते प्रांत भरतात आणि फौजेत माणसं कोणत्या प्रांतांतली आहेत. इतर नेते भावनेनं बोलत होते तेव्हा हा माणूस वही उघडून बसला होता. अकरा वर्षांनी, १० ऑक्टोबर १९५१ रोजी, मंत्रिपदाच्या राजीनाम्याचं निवेदन करताना त्यांनी तीच वही पुन्हा उघडली. वर्षाला ३५० कोटींचा महसूल आणि त्यातले १८० कोटी सैन्यावर. निम्म्याहून अधिक! हा खर्च आपल्या परराष्ट्रधोरणाचा थेट परिणाम आहे, असं त्यांनी म्हटलं. १९४७ मध्ये कुणी आपल्या वाईटावर नव्हतं, चार वर्षांत मित्र दुरावले, आणि संकटात धावून येईल असं कुणी नसल्यानं रक्षणाचं सगळं बिल आपल्यालाच भरावं लागतं, हा त्यांचा मुद्दा. त्याच निवेदनात काश्मीरबद्दल त्यांनी सुचवलेला उपाय सगळ्यांना पटेल असा नव्हता, मलाही पटत नाही. पण एकटं राहण्याची किंमत रुपयांत मांडणारं इतकं स्वच्छ बोलणं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

तर एका बाजूला मंदसोर आहे: परक्याच्या संरक्षणाची किंमत. दुसऱ्या बाजूला १९५१ चं बिल आहे: एकटं राहण्याची किंमत. स्वतंत्र भारताचं संरक्षणधोरण या दोन भीतींच्या मधून चाललं आहे, असं मला वाटतं. अलिप्ततेमागं तत्त्वज्ञान होतंच, पण तैनाती फौजेची आठवणही होती. १९६२ मध्ये चीननं ती अलिप्तता उघडी पाडली आणि १९ नोव्हेंबरला नेहरूंना केनेडींकडे विमानदलाची मदत मागावी लागली. त्याच आठवड्यात संरक्षणखातं यशवंतराव चव्हाणांकडे आलं. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावल्याचा आपल्याला अभिमान आहे. पण चव्हाणांचं खरं काम त्यानंतरच्या चार वर्षांतलं आहे. त्यांनी पंचवार्षिक संरक्षण योजना आखली, सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत न्यायचं ठरवलं, आणि १९६४ मध्ये आधी अमेरिकेत व मग सोव्हिएत संघात जाऊन दोन्ही दारं ठोठावली. अमेरिकेनं हात आखडता घेतला, मॉस्कोनं दिला. ९ ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएत कराराची वाट तिथून निघते.

त्या वाटेवर आपण फार लांब गेलो. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या हिशेबात २०१०-१४ मध्ये भारताच्या शस्त्रआयातीत रशियाचा वाटा ७२ टक्के होता. २०२०-२४ मध्ये तो ३६ टक्क्यांवर आला आणि फ्रान्स ३३ टक्क्यांवर पोचला. दरम्यान जग हललं. युक्रेनच्या युद्धानंतर फिनलंड आणि स्वीडन नाटोत आले. अमेरिकेच्या छत्राखाली सत्तर वर्षं काढलेल्या युरोपनं जून २०२५ मध्ये हेगला २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्के संरक्षणावर खर्च करायचं मान्य केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेनं भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क बसवलं. सप्टेंबरमध्ये सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांनी परस्पर संरक्षणाचा करार केला. युरोपची तुलना होळकरांच्या इंदूरशी करायचा मोह होतो, पण ती ओढूनताणून होईल. नाटोतल्या देशांना मत आहे, आणि बाहेर पडायचा हक्क आहे. तरी दुसऱ्याच्या छत्रीखाली फार दिवस काढले की स्वतःची छत्री घेण्याचं भान सुटतं, एवढं त्यांच्या राजधान्यांत आता उघड बोललं जातं.

आणि आपला हिशेब? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी रुपये होते, केंद्राच्या एकूण खर्चाच्या साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. बाबासाहेबांनी महसुलाशी तुलना केली होती, त्यामुळं दोन्ही आकडे शेजारी मांडून निष्कर्ष काढू नये. त्यातले १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे आणि १.८० लाख कोटी भांडवली खर्चाचे, म्हणजे विमानं, जहाजं, तोफा यांचे. निवृत्तिवेतन हे उपकार नाहीत, ते देणं आहे. पगार थकवलेल्या पलटणींनी क्षिप्रेकाठी काय केलं ते आमच्या मुलखाला ठाऊक आहे. पण निवृत्तिवेतन आणि नवी सामग्री यांचे आकडे इतके जवळ आले असतील तर त्यावर संसदेत दिवसच्या दिवस चर्चा व्हायला हवी. संरक्षणाच्या मागण्या अनेकदा चर्चेविनाच मंजूर होतात. राष्ट्रभक्तीच्या नावाखाली हिशेब विचारणं गैर ठरवायचं, ही सवय मला घातक वाटते. अहिल्याबाईंनी तुकोजीरावांना हिशेब विचारला म्हणून कुणी त्यांना दौलतीची शत्रू म्हटलं नाही.

या संग्रहातल्या लेखकांचं सगळ्या बाबतींत एकमत नाही. एका निवृत्त अधिकाऱ्याला राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आतला आपला खर्च तुटपुंजा वाटतो. एका अर्थशास्त्राच्या शिक्षिकेला आधी भांडवली वाटा वाढवावा, मग एकूण रकमेबद्दल बोलावं असं वाटतं. क्वाड या चार देशांच्या गटाबद्दल तर दोन लेख एकमेकांना छेद देतात. संपादन करताना ते तसेच ठेवले आहेत. माझं स्वतःचं मत असं: मित्र अनेक असावेत, त्यांच्याशी करार लेखी आणि मुदतीचे असावेत, शस्त्रं जमतील तितकी घरी बनवावीत, आणि आपल्या भूमीवर दुसऱ्याच्या हुकमातली फौज कोणत्याही कारणानं येऊ देऊ नये. या शेवटच्या मुद्द्यावर मला तडजोड मान्य नाही.

वाचकांना एक विनंती. पहिला लेख वाचण्याआधी मंदसोरच्या तहाची कलमं आणि बाबासाहेबांचं १९५१ चं निवेदन, दोन्ही मुळातून वाचावं. दोन्ही सहज मिळतात, आणि दोन्ही मिळून पाऊण तासापेक्षा जास्त लागत नाही. त्यानंतर येत्या फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडला जाईल, तेव्हा संरक्षणाचं पान उघडून बघावं आणि आपल्या खासदाराला त्यावर निदान एक प्रश्न लिहून पाठवावा.